बोअरची गाडी ठरवताना रेट शेवटी विचारा



फेब्रुवारी लागला की मला दोन प्रकारचे फोन यायला लागतात. एक, ज्वारी काढायला माणसं मिळतील का. दुसरा, "बोअर घ्यायचाय, गाडी कुणाची सांगू?" दुसऱ्या फोनवर पुढचा प्रश्न ठरलेला: फुटाला काय रेट चाललाय. मागच्या पंधरवड्यात असे तीन फोन आले. तिघंही वस्तीवरच्या घरासाठी, पिण्या-वापरायच्या पाण्यासाठी बोअर घेणारे. फोनवर तुटक तुटक सांगितलं ते इथं सलग लिहितो. शेतीच्या बोअरचा विषय वेगळा, तो आज नाही. घरच्या बोअरची गाडी आपण चुकीच्या टोकाकडून निवडतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे हे शहाणपण कुठून आलं ते कळेल.

२०१९ चा उन्हाळा. मराठवाड्यातल्या मंडळींना तो दुष्काळ वेगळा सांगायला नको. आमच्या वस्तीवरच्या विहिरीचा मार्चअखेर तळ दिसला. टँकर गावात यायचा, वस्तीवर नाही. मोटारसायकलला दोन्ही अंगाला कॅन बांधून पाणी आणायचो. एप्रिलमध्ये एका रात्री साडेदहाला एजंटचा फोन आला. "दादा, गाडी शेजारच्या गावात मोकळी झालीय. आत्ता घेत असाल तर वळवतो, नाहीतर पंधरा दिवस नंबर नाही." रेट फुटाला ७५ रुपये, तीनशेच्या खाली ९०, चारशेच्या खाली ११०. मी हो म्हणलं. कॉम्प्रेसर केवढा, बिट कितीचं, केसिंग किती घालणार, काही विचारलं नाही. नारळसुद्धा शेजारून आणला.

गाडी दणदणीत होती. एका ट्रकवर मशीन, दुसऱ्यावर रॉड न् बाकीचं सामान. पोरं तमिळनाडूची. नामक्कल जिल्ह्यातल्या तिरुचेंगोडेकडच्या गाड्या देशभर फिरतात हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पोरांचे हात असे चालायचे की बघत राहावं. वीस फुटांवर मुरूम जरा कडक लागला तसं त्यांनी केसिंग तिथंच थांबवलं. एकशेचाळीसला धुरळा बसला, ओला चुरा आला आणि मागनं पाणी आलं. ऑपरेटर म्हणाला अर्धा-पाऊण इंच. आमचे नाना, म्हणजे चुलते, म्हणाले, "थांबा आता, घरापुरतं झालं." एजंट म्हणाला, "नाना, एवढ्या लांबनं गाडी आलीय. खाली मोठा झरा असतोय, अजून शंभर फूट बघू."

शंभराचे तीनशे चाळीस झाले. पहाटे चारला ४८० फुटांवर थांबलो. खाली नुसता काळा पाषाण, पाणी तांब्याभर वाढलं नाही. फुटाचे ४०,३०० आणि केसिंगचे ७,०००, असे ४७,३०० रुपये पावणेपाचला बॅटरीच्या उजेडात मोजून दिले.

तेवढ्या पाण्यावर उन्हाळा कसाबसा निघाला. मग त्या वर्षीचा परतीचा पाऊस. ऑक्टोबरमध्ये बोअरचं पाणी गढूळ यायला लागलं, नंतर वास. उकिरडा बोअरपासून तीस-पस्तीस फुटांवर, आणि केसिंग फक्त वीस फूट. घरात दोघांना जुलाब लागले तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. दिवाळी झाल्यावर केसिंगच्या खालचा भुसभुशीत थर ढासळला आणि मोटर आत अडकली. दोर झाला, चेनपुली झाली, ट्रॅक्टर लावून झाला. मोटर आजही तिथंच आहे.

गाडीवाल्याला शिव्या देऊन मी मोकळा झालो होतो, पण नंतर नीट विचार केला. ती गाडी फुटावर कमावते. तिनं फूट पाडले. पाणी लागलं काय न् नाही काय, तिचं बिल तेच. थांब म्हणणारा माणूस मी असायला पाहिजे होतो, आणि मला थांबायचं कुठं हेच ठाऊक नव्हतं, कारण घराला पाणी किती लागतं याचा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता.

तो हिशोब असा. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरलेत. घरात सहा माणसं म्हणजे ३३० लिटर. तीन मोठी जनावरं, पिऊन-धुऊन प्रत्येकी शंभर, म्हणजे तीनशे. सणवार, पाहुणे, धुणं, अंगणातली दोन झाडं धरली तरी हजार लिटरच्या वर आकडा जात नाही.

आता बोअरवाल्याचा इंच. नव्वद अंशाच्या त्रिकोणी खाचेच्या पत्र्यावरून पाणी सोडलं आणि खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची एक इंच भरली, तर ते तासाला साधारण ५०० लिटर. दोन इंच भरली तर २,९०० च्या आसपास. तीन इंच म्हणजे जवळपास ८,०००. दोन इंच म्हणजे एक इंचाची दुप्पट असं आपण धरतो, ते साडेपाच पटीच्याही वर जातं. गावात मात्र पाइपाच्या तोंडाच्या धारेलाही इंच म्हणतात, आणि काही ऑपरेटर चिखलातल्या ओघळाकडं बघूनच इंच सांगतात. त्यामुळं कुणी "दीड इंच लागलं" म्हणलं की मी विचारतो, कुठला इंच?

खाचेच्या मापानं माझा तो पाऊण इंच म्हणजे तासाला अडीचशे लिटर. चार तासांत हजार लिटर. शिवाय साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. पाण्याच्या थराखाली पन्नास फूट जास्त घेतलं तर सव्वातीनशे लिटरची टाकी जमिनीतच तयार होते, ती रात्रभर भरत राहते. घरच्या बोअरला जास्तीच्या खोलीचा पटणारा उपयोग मला तरी हा एवढाच दिसतो. नाना एकशेचाळीसला थांबा म्हणत होते. मी त्यांचं ऐकून, वर पन्नास फूट टाकीसाठी घेऊन थांबलो असतो आणि त्या पैशात केसिंग घातलं असतं, तर आज हे लिहायला बसलो नसतो.

खोल गेलं की पाणी जास्त, हा समज कुठून आला कळत नाही. आपल्या राज्याचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा, लाव्ह्याच्या एकावर एक थरांचा. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, भोकं-भोकं असलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या मांजऱ्या खडकात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत. अखंड काळ्या पाषाणात पाणी नसतं. जसजसं खाली जाल तशा भेगा वरच्या वजनानं मिटत जातात. सहाशे फुटांवर पाणी लागलेले बोअर आहेत, मी नाही म्हणत नाही. पण दोन्हीकडं बघितलं पाहिजे. एखाद्याला सहाशेवर लागलं की चार गावांत बातमी होते. ज्याचा कोरडा गेला तो गप्प बसतो. आणि खालचं ते पाणी भरायला वर्षं जातात, उपसायला एक उन्हाळा पुरतो. उलट कधी कधी खालच्या रिकाम्या भेगेला भोक पडतं आणि वरच्या थरात टिकून असलेलं पाणीही खाली उतरून जातं. आपलं तर जातंच, शेजारच्या विहिरीचंही जातं. मग भावकीत वर्षानुवर्षं बोलणं बंद.

आपल्या गावोगावच्या हापशाचं उदाहरण घ्या. इंडिया मार्क टू. त्याचा पूर्वज म्हणजे सोलापूरचा पंप, म्हणजे वस्तू आपल्याच भागात घडलेली. नेहमीचा हापसा साधारण दीडशे फुटांपर्यंतचंच पाणी ओढतो. तरी अख्ख्या आळ्या त्याच्यावर जगल्या.

आता गाडीकडं येतो. आपल्याकडं येतात त्या बहुतेक गाड्या डीटीएच. हॅमर भोकाच्या तळाशी असतो, हवेवर चालतो, आणि तीच हवा चुरा वर फेकते. म्हणजे गाडीचा जीव कॉम्प्रेसरमध्ये. त्याचे दोन आकडे असतात. सीएफएम म्हणजे हवा किती, पीएसआय म्हणजे दाब किती. साडेसहा इंची भोकातून चुरा वर आणायला रॉडच्या जाडीप्रमाणे साडेतीनशे ते पाचशे सीएफएम पुरते. दाब लागतो हॅमर ठोकायला आणि भोकातलं पाणी वर ढकलायला. शंभर फूट पाण्याचा खांब म्हणजे ४३ पीएसआय नुसते त्यातच जातात. माझ्या पहिल्या बोअरला तळाशी ३४० फूट पाणी डोक्यावर होतं, म्हणजे दीडशे पीएसआय तिथंच खर्ची. अशा ठिकाणी साडेतीनशे पीएसआयची गाडीच पाहिजे. पण दोनशे फुटांच्या घरच्या बोअरला जुनी दोनशे-सव्वादोनशे पीएसआयची गाडी आरामात काम करते.

मोठ्या गाडीनं नुकसान काय, असं एकानं विचारलं. मशीन म्हणून काहीच नाही, उलट लवकर काम होतं. अडचण तिच्या पोटाची आहे. दोन ट्रक, आठ-दहा माणसं, डिझेल. तिला रोज फूट पडले पाहिजेत. त्यामुळं बऱ्याच मोठ्या गाड्या "तीनशे फुटांखाली उभी करत नाही, कमी घेतला तरी तीनशेचे पैसे" असं आधीच सांगतात. हे वाक्य ऐकलं की समजायचं, ही गाडी आपल्या कामाची नाही. ज्याचं बिल तीनशेला सुरू होतं तो तुम्हाला दोनशेवर कशाला थांबवेल? शिवाय वस्तीवरचा रस्ता, वरच्या तारा, गोठ्याचं छप्पर. मोठी गाडी आत येईना म्हणून लोक बोअरची जागा बदलतात. म्हणजे गाडीसाठी पाणी हलवायचं!

उलट बाजूही सांगतो, नाहीतर बारक्या ट्रॅक्टरवरच्या मशीनचा प्रचार करतोय असं वाटेल. त्यातल्या काही फक्त साडेचार इंची भोक पाडतात. त्यात फुटाला साधारण तीन लिटरच पाणी मावतं, आणि नेहमीच्या चार इंची मोटरला जागा कमी पडते. काहींकडं केसिंगसाठीचं मोठं बिटच नसतं. चिकण माती लागली की हवा कमी पडते, हॅमर अडकतो, मग दोन दिवस तेच. घरासाठी साडेसहा इंची भोक, आणि केसिंगचा भाग साडेआठ-नऊ इंची पाडता येईल अशी गाडी, ही माझी कमीतकमी अट. त्याच्या वर गाडी केवढी मोठी याला मी किंमत देत नाही.

हे सगळं आपल्या काळ्या खडकाचं. तापीच्या काठच्या जळगावकडच्या गाळाच्या पट्ट्यात, किंवा अकोला-अमरावतीकडच्या पूर्णेच्या खोऱ्यात डीटीएच नेऊ नका. तिथं खोलवर माती, वाळू, गोटे. भोक उभंच राहत नाही. तिथं चिखलाच्या पाण्यावर चालणारी रोटरी मशीन लागते, जाळीचा पाइप आणि भोवती खडीचा थर लागतो. पूर्णेकडं खाऱ्या पाण्याचं वेगळंच दुखणं. कोकणात जांभ्याखाली पांढुरकी चिकण माती ढासळत राहते, तिथं खोदता खोदता केसिंग सोबत उतरवणारी पद्धत बरी. त्यामुळं जळगावच्या पाहुण्यानं सांगितलेला गाडीचा सल्ला धाराशिवला चालत नाही, आणि माझा त्याला चालणार नाही. आधी जमीन ओळखायची, मग मशीन. शेजारच्या चार विहिरी उघड्या डोळ्यांनी बघितल्या तरी मुरूम किती फूट, पाषाण कुठं सुरू, झरा कुठल्या थरातून येतो, हे फुकटात कळतं. जिल्ह्याला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय असतं, तिथल्या भूवैज्ञानिकाला विचारायला लाजू नये.

पाणाडी बोलवू नका असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या वेळी आमच्या आईनं नारळवाला बोलावलाच. त्याचा नारळ नेमका उकिरड्याजवळ उभा राहिला. आईच म्हणाली, "तिथलं पाणी पिऊन झालंय आमचं."

आता केसिंग. माझ्या मते गाडीवाल्याची पारख इथं होते. वरचा भुसभुशीत थर पूर्ण संपून, पाषाणात किमान पाच फूट आत केसिंग बसलं पाहिजे. मग ते वीस फूट असो नाहीतर सत्तर. हा आकडा आधी सांगताच येत नाही, चुरा बघूनच ठरतो. जो फोनवर "वीस फूट केसिंग पुरतंय" म्हणतो त्यानं तुमची जमीन बघितलेली नाही. केसिंगचा फूट खोदाईच्या फुटापेक्षा तीन-चार पट महाग, म्हणून आपणही तिथंच हात आखडतो. चारशे फूट पाषाणात घातलेले पैसे आपल्याला दिसत नाहीत, चाळीस फूट केसिंगचे मात्र डोळ्यांत सलतात. पीव्हीसी पाइप घेताना त्यावर आयएस १२८१८ छापलंय का बघा. शेतीच्या पाइपाचा तुकडा केसिंग म्हणून खपवतात, तो दाबानं पिचतो. आणि केसिंग न् माती यांच्यातली फट नुसत्या चुऱ्यानं बुजवली तर पावसाचं पाणी गोठ्याचा वास घेऊन तिथनंच उतरतं. वरचे काही फूट तरी सिमेंटच्या राबड्यानं भरून घ्यायचे. शोषखड्डा, उकिरडा यांच्यापासून बोअर किमान पन्नास फूट लांब. त्यांच्या उताराला तर नकोच.

२०२४ च्या फेब्रुवारीत दुसरा बोअर घ्यायचं ठरलं. आदला पावसाळा कमी झाला होता. एप्रिलमध्ये पुन्हा रात्रीच्या फोनची वाट बघायची नव्हती, म्हणून दोन महिने आधीच लागलो. फेब्रुवारीत गाड्यांना तेवढी घाई नसते. पाण्याची पातळीही बरीच उतरलेली असते, म्हणजे जे लागेल ते फसवं नसतं. दिवाळीला घेतलेला बोअर सगळ्यांनाच पाणी दाखवतो.

तीन गाड्या त्यांच्या कामावर जाऊन बघितल्या. फोनवर गाडी ठरत नाही, दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून ठरते. पहिली मोठी. तीनशेची अट. तिथंच राम राम केला. दुसरी सगळ्यात स्वस्त, फुटाला ८५. मी खिशातला टेप काढून बिट मोजलं. साडेसहाचं म्हणत होते, झिजून सहाच्या जवळ आलं होतं. बिटाच्या कडेचे दाणे झिजले की भोक खाली खाली बारीक होत जातं, आणि मोटर उतरवताना ते कळतं, तेव्हा गाडी दोन जिल्हे लांब असते. बिट मोजतोय म्हणल्यावर तिथला माणूस जरा तिरसटला. तेही उत्तरच झालं.

तिसरी बार्शीकडची जुनी गाडी. रंग उडालेला, दोनशेच्या थोडा वर दाब, दहा फुटी रॉड. ऑपरेटर पन्नाशीचा. तो प्रत्येक रॉडनंतर मूठभर चुरा फाडलेल्या पोत्यावर ओळीनं मांडत होता. कुणी सांगितलं नव्हतं, त्याची सवयच. कुठला ढीग लाल गेरूचा, कुठला मांजऱ्याचा, लांबून दिसत होतं. मशीनचे जॅक लावल्यावर त्यानं मास्टला दोन बाजूंनी लेव्हल लावून बघितली. मी माझं काम सांगितल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "शोषखड्डा कुठंय तुमचा?" दुसरा, "शेजारची विहीर किती खोल?" रेट मीच काढला. ११० म्हणाला, केसिंग ४२०. मी घासाघीस केली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्याच्याशी मी चार गोष्टी आधी बोलून घेतल्या. काम दिवसा. पाणी लागलं की थांबून मोजायचं, पुढं जायचं का ते मी सांगणार. काम संपल्यावर अर्धा तास हवा मारून बोअर धुऊन द्यायचा. आणि रॉड मी मोजणार. रॉड मोजणं म्हणजे अविश्वास नाही. वीस फुटी, पंधरा फुटी, दहा फुटी, सगळे रॉड असतात. एक आपल्या टेपनं मोजायचा आणि भिंतीवर कोळशानं रेघा मारत जायच्या. आमच्या धाकट्यानं मारल्या. एकोणीस.

भुसभुशीत थर बावन्न फुटांवर संपला. पहिल्या बोअरला केसिंग कुठं थांबलं होतं ते आठवून पोटात गोळाच आला. साठ फूट केसिंग घातलं. १३८ वर पाणी आलं, तोच जुना थर. थांबून मोजलं, मग टाकीसाठी १९० पर्यंत गेलो आणि बास. धुतल्यावर वीस लिटरची बादली दोन मिनिटं वीस सेकंदांत भरली, म्हणजे तासाला पाचशे लिटरच्या वर. बिल २०,९०० अधिक २५,२००, म्हणजे ४६,१००. पहिल्या खड्ड्यापेक्षा बाराशे रुपयांनी कमी, आणि निम्म्याहून जास्त पैसे केसिंगमध्ये. गाडी जायच्या आधी चार इंची पाइपाचा दहा फुटी तुकडा दोरानं तळापर्यंत सोडून बघितला. कुठं न अडकता गेला, म्हणजे भोक सरळ. हे गाडी उभी असतानाच करायचं.

नव्या बोअरच्या पाण्यावर सुरुवातीला तेलाची तवंग दिसते, घाबरायचं नाही. हॅमरला लागणारं तेल हवेबरोबर खाली जातं. आम्ही दोन दिवस पाणी उपसून टाकलं, ब्लीचिंग पावडर टाकून एक रात्र ठेवलं, पुन्हा उपसलं, मग नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिला. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत आहे का, फ्लोराईड दीडच्या आत आहे का, आणि जंतू आहेत का, हे बघूनच घरात नळ जोडला. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या मंडळींनी फ्लोराईड विसरू नये.

कायद्याचंही थोडं. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा, २०१४ च्या जूनपासून लागू. त्यात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण १९७ फुटांच्या खाली गेलं की ती खोल विहीर धरतात आणि शेती-उद्योगासाठी अशा विहिरींवर निर्बंध आहेत. गाडीवाल्यानं नोंदणी करायची हेही त्याच कायद्यात आहे. नोंदणीचा कागद मी तिघांना मागितला होता. बार्शीवाल्यानं सीटखालच्या पिशवीतून काढून दाखवला. बाकी दोघं म्हणाले, मालकाकडं आहे.

राहिला पहिला बोअर. त्याच्यावर फरशी झाकून आम्ही विसरलो होतो. बार्शीवाल्यानंच विचारलं, "ते काय झाकलंय?" मग म्हणाला, नव्याला पाणी ज्या थरातून येतं तोच थर त्या भोकानं उघडा पडलाय. उकिरड्याचं पाणी त्या वाटेनं सरळ तुमच्या हंड्यात. त्याशिवाय वस्तीवर बारकी पोरं खेळतात. बंद पडलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून बंद करावा असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगितलंय, आणि आम्ही पाच वर्षं फरशीवर भागवलं. आमचा मोटर अडकलेल्या जागेच्या वरूनच भरता आला. चिकण माती थोडी थोडी टाकून ठासली, वरचे तीन फूट काँक्रीट. दीड दिवस गेला.

नवीन बोअर सकाळी दीड-दोन तास चालतो, टाकी भरते. नानांच्या विहिरीची पातळी मी दर पंधरा दिवसांनी दोरी सोडून मोजतो आणि वहीत लिहितो, त्यांच्यासमोरच. आपल्या बोअरमुळं फरक पडला तर मला आधी कळलं पाहिजे. अजून तरी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा वेगळी उतरलेली नाही. नाना दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणतातच, "एकशेचाळीसला थांबायचं होतं."

फोन केलेल्या तिघांपैकी एकाकडं पुढच्या आठवड्यात गाडी येणार आहे. टेप, बादली आणि फाडलेलं पोतं घेऊन मी येतो म्हणलंय. गाडी रात्री आली तर मात्र परत पाठव, असंही सांगून ठेवलंय.